फुगा किती सेंटिमीटरचा, एवढेच विचारू नका

पोटातील महाधमनीला फुगा आला आहे, असे सोनोग्राफीच्या कागदावर लिहून आले की रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "किती सेंटिमीटरचा आहे?" आणि दुसरा, "खर्च किती येईल?" दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न असतो, तो बहुधा कोणी विचारत नाही. नातेवाईक विचारत नाहीत, कारण त्यांना तो ठाऊकच नसतो. गावोगावचे पुष्कळ डॉक्टर विचारत नाहीत, कारण मोठ्या शहरातले तज्ज्ञ ते बघतीलच असे गृहीत धरले जाते. प्रश्न असा : या महाधमनीतून आतड्यांकडे आणि मूत्रपिंडांकडे ज्या फांद्या जातात, त्या मोकळ्या आहेत का? आजचा लेख केवळ या प्रश्नासाठी आहे.

आधी थोडी शरीररचना समजून घेऊ. हृदयातून निघालेली महाधमनी छातीतून खाली येते, पाठीच्या कण्याला लागून पोटात उतरते आणि साधारण बेंबीच्या पातळीला तिचे दोन भाग होऊन ते दोन पायांकडे जातात. पोटात तिची रुंदी दोन सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या अंगठ्याएवढी असते. वय, विडी-सिगारेट, रक्तदाब यांमुळे तिची भिंत एखाद्या जागी कमकुवत होते आणि सायकलच्या जुन्या ट्यूबला जसा फुगवटा यावा तशी ती फुगते. रुंदी ३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक झाली की त्याला धमनीविस्फार म्हणतात. आपण साधा 'फुगा' म्हणू.

या फुग्याची खोड अशी की तो दुखत नाही. वर्षानुवर्षे माणूस शेतात जातो, दुकानात बसतो, लग्नाच्या पंगतीत जेवतो आणि त्याला काही पत्ता नसतो. मग एके दिवशी फुगा फुटतो. पोटात किंवा कंबरेत एकाएकी जीवघेणी कळ, घाम, भोवळ, आणि पुष्कळांच्या बाबतीत दवाखाना गाठण्यापूर्वीच सारे संपते. आपल्याकडे अशा मृत्यूनंतर शवविच्छेदन क्वचितच होते. "झटका आला आणि गेले," एवढेच लोक बोलतात. यांतले काही झटके हृदयाचे नसून महाधमनीचे असतात, असे मला खात्रीने वाटते.

म्हणूनच फुगा फुटण्याआधी दुरुस्त करायचा. पण प्रत्येक फुगा लगेच कापायचा नसतो. ब्रिटनमधील १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आणि अमेरिकेतील २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अशा दोन मोठ्या पाहण्यांतून दिसले, की ४ ते साडेपाच सेंटिमीटरच्या फुग्यावर घाईने शस्त्रक्रिया करून माणूस जास्त जगत नाही. ठरावीक काळाने सोनोग्राफी करून लक्ष ठेवलेले तितकेच चांगले. तेव्हापासून पुरुषांत साडेपाच आणि स्त्रियांत पाच सेंटिमीटर ही शस्त्रक्रियेची साधारण रेषा मानली जाते. फुगा भराभर वाढत असेल किंवा दुखू लागला असेल तर ही रेषा पाहत बसायचे नसते.

सेंटिमीटरचा प्रश्न इथे संपतो. आता फांद्या.

महाधमनी पोटात शिरताच तिला समोरच्या बाजूने एकामागून एक तीन फांद्या फुटतात. सर्वांत वरची जठर, यकृत आणि प्लीहेला रक्त देते. तिच्या जरा खाली दुसरी निघते. ती संपूर्ण लहान आतडे आणि मोठ्या आतड्याचा उजवा अर्धा भाग सांभाळते. त्यानंतर डाव्या-उजव्या मूत्रपिंडांच्या धमन्या. आणि बरीच खाली, बेंबीच्या किंचित वर, तिसरी फांदी. ती तिघींत बारीक. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाला रक्त पुरवणारी. रिपोर्टमध्ये त्यांची नावे सिलियाक, सुपीरियर मेसेंटरिक आणि इन्फीरियर मेसेंटरिक अशी येतात. वाचकांनी नावे पाठ करण्याची गरज नाही. पहिली, दुसरी आणि तिसरी म्हटले तरी काम भागेल.

बहुतेक फुगे मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या खाली असतात. म्हणजे पहिली आणि दुसरी फांदी फुग्याच्या वर सुरक्षित राहते आणि तिसरी मात्र नेमकी फुग्यातून निघते. शस्त्रक्रियेत ही तिसरी फांदी बहुधा बंदच होते. एरवी त्याने काही बिघडत नाही, कारण आतड्यांच्या धमन्यांची एकमेकींशी जोडणी असते. ही जोडणी ज्याच्या नावाने ओळखली जाते तो झाँ रिओलाँ हा सतराव्या शतकातला फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. एकीचे पाणी तुटले तर दुसरी देते.

आपल्या गावच्या नळयोजनेचे उदाहरण घ्या. टाकीपासून एक मोठा पाइप येतो आणि त्याला तीन आळ्यांची जोडणी आहे. वरची आळी, मधली आळी आणि खालची आळी. वर्षे गेली, वरच्या दोन्ही आळ्यांच्या तोंडाशी क्षार साचून पाइप चोंदला. तरी तिथल्या लोकांना पाणी येत राहते, कारण खालच्या आळीच्या बारीक पाइपातून उलट्या दिशेने वर पाणी चढू लागते. प्रेशर कमी असते, सकाळच्या वेळी ओरड होते, पण हंडे भरतात. कोणी तक्रार केलीच तर "पाणी येते ना?" म्हणून वाटेला लावले जाते. अशात मुख्य पाइप गळतो म्हणून कंत्राटदार येतो, नवा पाइप टाकतो आणि खालच्या आळीचे कनेक्शन "एवढेसे तर आहे" म्हणून बंद करून टाकतो. नवा पाइप उत्तम, गळती शून्य. आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही आळ्या कोरड्या.

आतड्यांचे नेमके असेच होते. ज्या रोगाने महाधमनीची भिंत खराब होते, त्याच रोगाने, म्हणजे चरबी आणि चुन्याचे थर साचून, फांद्यांची तोंडेही अरुंद होतात. पहिली आणि दुसरी अरुंद झालेली असताना तिसरी जाडजूड होऊन एकटी सारा संसार ओढत असते. अशा माणसाची तिसरी फांदी बंद करणे म्हणजे त्याच्या आतड्यांचा पाणीपुरवठा तोडणे. नळाला पाणी नसले तर आपण टँकर मागवतो. आतडे काही तासच वाट पाहते, मग काळे पडते.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आले. वय ६८, चाळीस वर्षे विडी. त्यांच्या पत्नी सोबत होत्या आणि बहुतेक हकीकत त्यांनीच सांगितली. "डॉक्टर, हे जेवायला बसतात आणि दोन घासांवर उठतात. ताट पाहिलं की घाबरल्यासारखं करतात." गुरुजींना विचारले तेव्हा म्हणाले, भूक लागते, पण जेवल्यावर अर्ध्या तासाने बेंबीच्या भोवती अशी कळ धरते की पुन्हा जेवावेसे वाटत नाही. एका वर्षात वजन ६२ किलोवरून ४९ वर आले होते. कर्करोगाच्या भीतीने दुर्बीण घालून तपासणी झाली होती, त्यात काही निघाले नव्हते. गॅसच्या गोळ्या, पाचक चूर्ण, एका वैद्यांचा काढा, सारे झाले होते. सोनोग्राफीत ५.७ सेंटिमीटरचा फुगा सापडला आणि सगळ्यांचे लक्ष त्या फुग्याकडे गेले. जेवणानंतरची कळ कागदांच्या गठ्ठ्यात कुठेच नोंदलेली नव्हती.

जेवणानंतर दुखणे, त्यामुळे खाण्याची धास्ती आणि झरझर उतरणारे वजन, ही तिन्ही एकत्र आली की आतड्यांच्या धमन्यांचा विचार करावाच लागतो. जेवल्यावर आतड्यांना एरवीपेक्षा कितीतरी जास्त रक्त लागते. पाइप अरुंद असेल तर ते मिळत नाही आणि आतडे ओरडते. चालताना पायात गोळे यावेत किंवा जिना चढताना छातीत दुखावे, त्यातलाच हा प्रकार. आपल्याकडे या कळीला सरसकट 'गॅस' म्हणतात. गॅस हा शब्द आपल्या जिल्ह्यात ज्या सढळ हाताने वापरला जातो, त्यावर कधीतरी वेगळा लेख लिहावा लागेल.

गुरुजींना एका शहरातल्या रुग्णालयात दोन दिवसांत स्टेंट-ग्राफ्ट बसवून देण्याचे सांगितले होते. मांडीतून नळी घालायची, पोट फाडायचे नाही, पाच दिवसांत घरी. घरच्यांना ते पटलेही होते. मी त्यांना एवढेच सांगितले की, गुरुजी, सी. टी. अँजिओग्राफी करून घ्या आणि तिच्यात फक्त फुगा नव्हे, तर तिन्ही फांद्यांची तोंडे पाहून लिहून द्या अशी माझी चिठ्ठी दाखवा. तपासणीत पहिली फांदी तोंडाशी जवळजवळ बंद आणि दुसरी दोऱ्याएवढी अरुंद निघाली. तिसरी मात्र जाड झालेली, वेड्यावाकड्या वळणांनी वर चढणारी. म्हणजे ज्या फुग्यावर पडदा घालायचा ठरले होते, त्याच फुग्यातून गुरुजींच्या आतड्यांना रक्त जात होते.

पुढे दुसऱ्या शल्यविशारदांनी आधी दुसऱ्या फांदीचे तोंड फुग्याने रुंद करून तिथे जाळी बसवली, हृदयात बसवतात तशी. गुरुजी जेवू लागले. भाकरी, मग वरणभात, मग चक्क पुरणपोळी. सात आठवड्यांत पाच किलो वजन भरले. त्यानंतर पोट उघडून महाधमनीची शस्त्रक्रिया झाली आणि तिसरी फांदीही कापडी नळीला पुन्हा शिवून दिली. अकराव्या दिवशी घरी आले.

ही कापडी नळी आली कुठून, हे थोडे सांगण्यासारखे आहे. आल्बर्ट आइन्स्टाइन यांना हाच आजार होता. १९४८ साली न्यू यॉर्कमध्ये रुडॉल्फ निसेन या शल्यविशारदांनी त्यांचे पोट उघडले तेव्हा महाधमनी बदलण्याची सोयच नव्हती. त्यांनी फुग्याभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला, जेणेकरून भिंतीला व्रण धरून ती घट्ट व्हावी. आइन्स्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून अधिक जगले. १९५५ च्या एप्रिलमध्ये फुगा फुटला तेव्हा त्यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. मधल्या काळात, १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी फुगा काढून तिथे मृत व्यक्तीची महाधमनी बसवून दाखवली होती. पुढे अमेरिकेत ह्यूस्टनचे मायकेल डीबेकी यांनी डेक्रॉन कापड आणून पत्नीच्या शिवणयंत्रावर नळ्या शिवल्या. आपल्याकडे टेरिलीन म्हणून ज्याचे शर्ट शिवले जात त्याच जातीचे हे कापड. आजही मोठ्या शस्त्रक्रियेत वापरतात ती नळी त्याच कुळातली. १९९० साली अर्जेंटिनात हुआन पारोदी यांनी मांडीतल्या धमनीतून घडी घातलेली नळी आत नेऊन फुग्यात उघडण्याची पद्धत आणली. स्टेंट-ग्राफ्ट म्हणतात ते हेच.

आता या दोन पद्धतींविषयी माझे मत सांगतो. काही तज्ज्ञांना ते पटणार नाही.

स्टेंट-ग्राफ्ट ही उत्तम सोय आहे. ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत पोट उघडलेल्यांपैकी ४.७ टक्के आणि स्टेंट-ग्राफ्टवाल्यांपैकी १.७ टक्के रुग्ण दगावले. हा फरक लहान नाही. हृदय कमजोर, फुप्फुसे विडीने निकामी, वय ८०, अशा माणसाला मी स्वतः स्टेंट-ग्राफ्टच सुचवतो. पण त्याच पाहणीचे पंधरा वर्षांपर्यंतचे निष्कर्ष २०१६ साली आले. त्यात आठ वर्षांनंतर पारडे फिरले आणि पोट उघडलेले रुग्ण पुढे गेले. स्टेंट-ग्राफ्ट जागेवरून सरकतो, कडेने रक्त झिरपते, फुगा आतून पुन्हा भरतो. म्हणून दरवर्षी तपासणी लागते, जन्मभर. आपल्या तालुक्यातला किती टक्के माणूस दरवर्षी न चुकता शहरात तपासणीला जाईल, हे मी इथे बसून पाहतो. पहिले वर्ष जातात, दुसरे वर्ष मुलीचे लग्न असते, तिसऱ्या वर्षी "बरं तर आहे" म्हणून सोडून देतात. शहरातल्या तज्ज्ञाला हा हिशेब दिसत नाही, तो आपण त्याला सांगितला पाहिजे.

आणि फांद्यांचे म्हणाल तर साधा स्टेंट-ग्राफ्ट मूत्रपिंडांच्या खालपासून पायांच्या धमन्यांपर्यंत आतून अस्तर लावतो. तिसऱ्या फांदीचे तोंड त्यामागे झाकले जाते. तिथे निवडीला वावच नसतो. पोट उघडल्यावर शल्यविशारदाला निदान पाहता येते, की या फांदीतून उलट बाजूने रक्त जोरात येते की नुसते थेंब थेंब येते. जोरात आले तर वरच्या फांद्या समर्थ आहेत, ती बांधून टाकली तरी चालते. थेंब आले किंवा मुळीच आले नाही तर ती नव्या नळीला जोडून द्यावी लागते. डोळ्यांनी पाहून ठरवण्याची ही मुभा छोट्या छिद्राच्या मोहात हातची जाते. दुसऱ्या फांदीत आधी जाळी बसवून मग स्टेंट-ग्राफ्ट घालणे हा मार्ग आहेच, आणि तो पुष्कळांना योग्यही ठरतो. माझे म्हणणे एवढेच की हा निर्णय फांद्या पाहून व्हावा, टाके किती पडतील हे पाहून नव्हे.

याचा अर्थ प्रत्येक अरुंद फांदी दुरुस्त करा असाही नव्हे. उतारवयातल्या अनेकांच्या एखाद्या फांदीचे तोंड अरुंद असते आणि त्यांना काहीही त्रास नसतो; बाकीच्या दोन भरपाई करतात. त्रास बहुधा दोन फांद्या गेल्यावर सुरू होतो. पहिल्या फांदीला तर कधी कधी पडद्याचा पट्टा बाहेरून दाबत असतो, तिथे आत जाळी घालून उपयोग होत नाही. रिपोर्टात 'अरुंद' शब्द दिसला की त्याचे पैसे लावून दुरुस्ती करायची ही वृत्तीही मला धोक्याची वाटते. महाधमनीची शस्त्रक्रिया आधीच मोठी. तिच्यात आणखी दोन-तीन जोडण्या वाढवल्या की वेळ वाढतो, रक्तस्राव वाढतो आणि जोखीमही वाढते.

मूत्रपिंडांच्या धमन्यांबाबत हे विशेष लागू आहे. पूर्वी त्या अरुंद दिसल्या की जाळी बसवण्याची हौस होती. २००९ आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत, साध्या अरुंदपणासाठी जाळी बसवलेले आणि केवळ गोळ्या घेणारे यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा रक्तदाब चार-चार गोळ्यांनीही आवरत नाही, मूत्रपिंडांचे काम झपाट्याने ढासळते आहे, किंवा अचानक फुप्फुसांत पाणी भरून पुन्हा पुन्हा दम लागतो, असे काही असेल तरच त्या धमन्यांना हात लावायचा. मात्र त्या अरुंद आहेत ही माहिती आधी हवीच. शस्त्रक्रियेत महाधमनीला चिमटा कुठे लावायचा आणि मूत्रपिंडे किती वेळ रक्तावाचून ठेवायची, हे त्यावर ठरते. शिवाय दोन्ही बाजूंच्या धमन्या अरुंद असतील तर रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन जातीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी क्रिएटिनीन एकाएकी चढू शकते. अशी गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनीन तपासायला सांगितले तर "डॉक्टर उगीच तपासण्या काढतात" असे म्हणू नये.

एक वेगळा प्रकार ध्यानात ठेवावा. रुग्ण विशी-तिशीतली स्त्री असेल, एका हाताची नाडी लागत नसेल, बारीक ताप आणि अशक्तपणा असेल आणि महाधमनीच्या फांद्या अरुंद निघाल्या, तर तो बहुधा चरबीचा आजार नसतो. धमन्यांच्या भिंतीला सूज आणणारा हा ताकायासूंचा आजार. १९०८ साली जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी तो प्रथम नोंदला. आपल्या देशात तो आढळतो. त्यात फुगाही येऊ शकतो. तिथे आधी औषधांनी सूज शमवावी लागते. आग पेटलेली असताना शिवलेली जोडणी टिकत नाही.

शहरातल्या तज्ज्ञाकडे रुग्णाला नेताना गावच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन जा, असा माझा आग्रह आहे. रुग्णाला त्या तज्ज्ञासमोर दहा मिनिटे मिळतात आणि त्यात तो गडबडून जातो. जेवल्यावर दुखते हे सांगायला विसरतो, कारण त्याच्या मते तो गॅस असतो आणि आपण तर फुग्यासाठी आलो आहोत. दोन वर्षांपूर्वीचे वजन किती होते हे गावच्या दवाखान्यातल्या वहीत असते, शहरातल्या संगणकात नसते. चिठ्ठीत वजन लिहिलेले असावे, जेवणाचा त्रास लिहिलेला असावा, विडी, मधुमेह, क्रिएटिनीन आणि चालू गोळ्या लिहिलेल्या असाव्यात. तज्ज्ञांना नम्रपणे विचारावे : तिन्ही फांद्या पाहिल्यात का? तिसरीचे काय करणार? तुमच्याकडे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात? शेवटच्या प्रश्नाने कोणी रागावले तर तेही एक उत्तरच समजावे. जिथे या शस्त्रक्रिया वारंवार होतात तिथले निकाल चांगले असतात, हे जगभर दिसून आले आहे. सरकारी योजनेत शस्त्रक्रियेचा कोणता भाग बसतो आणि कोणता नाही, फांदीतली जाळी त्यात येते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारून घ्यावे. ऐन वेळी शेत गहाण ठेवण्याची पाळी येऊ नये.

शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्णाजवळ बसणाऱ्या माणसासाठी एक सूचना. पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळ शौच झाले, त्यात रक्त दिसले, किंवा डाव्या बाजूला पोट दुखून फुगू लागले, तर "पोट बिघडले असेल" म्हणून गप्प बसू नका. तेव्हाच्या तेव्हा नर्सबाईंना सांगा आणि डॉक्टर येईपर्यंत पाठ सोडू नका. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाला रक्त कमी पडल्याची ती पहिली खूण असू शकते. वेळीच दुर्बिणीने पाहिले तर इलाज होतो. उशीर झाला की आतडे कापण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

हा फुगा शोधावा कसा? इंग्लंडमध्ये पुरुषाने पासष्टाव्या वर्षात पदार्पण केले की सरकार त्याला एकदा सोनोग्राफीसाठी बोलावते. अमेरिकेत ६५ ते ७५ वयाच्या, कधीकाळी धूम्रपान केलेल्या पुरुषांना एकदा तपासणीची शिफारस आहे. आपल्याकडे असे बोलावणे येत नाही. पण साठी उलटलेल्या पुरुषांची प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी होतच असते. त्याच वेळी "महाधमनीची रुंदी मोजावी" एवढे चार शब्द चिठ्ठीवर लिहिले तर वेगळा खर्च पडत नाही. विडी ओढलेल्या प्रत्येकाने, आणि ज्याच्या वडिलांना किंवा भावाला असा फुगा होता त्याने, हे आवर्जून लिहून घ्यावे.

जाता जाता एका वाचकाच्या पत्राचे उत्तर. त्यांच्या ७१ वर्षांच्या वडिलांना ४.१ सेंटिमीटरचा फुगा निघाला आहे आणि नातेवाइकांपैकी कोणीतरी "ताबडतोब मुंबईला न्या" असे सांगितले आहे. वडिलांना दुखत नसेल तर ताबडतोब कुठेही नेण्याची गरज नाही. वर्षाने पुन्हा सोनोग्राफी करा, शक्यतो त्याच सेंटरवर. विडी आजपासून बंद. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांबाबत तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि त्यांच्या ताटात अलीकडे काही उरते का, जेवून उठल्यावर ते पोट धरून बसतात का, हे आईला विचारून मला पुढच्या पत्रात कळवा. पत्रात तुम्ही वजन लिहिलेले नाही, तेही कळवा, आताचे आणि दोन वर्षांपूर्वीचे.